जोडबेलाचा पदर

मागे बेळगावातल्या एका चित्रप्रदर्शनात मी काढलेल्या नक्षीचा पदर भिंतीवर टांगला होता. नुसता पदर. बाकीची साडी गुंडाळून मागं दोरीनं बांधलेली. प्रदर्शन भरवणारी मुलगी चित्रकला शिकून आलेली, केस कापलेली, बोलायला गोड. तिनं पदराखाली पुठ्ठा लावला होता : "स्त्रीचे शरीर, समाजाचा दाब आणि मौन. माध्यम : सूत आणि कुंकू." मी तो पुठ्ठा दोनदा वाचला. तेवढ्यात चष्मेवाले एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "यातून आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे?"

मी म्हटलं, "मला डॉक्टरांना गाठ कुठं आहे ते सांगायचं होतं."

ते "वा!" म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी पदरावरच्या एकाच नक्षीतल्या दोन लाल ठिपक्यांकडं बोट केलं. एक विणलेला, एक पुसट कुंकवाचा. दुसऱ्या ठिपक्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो माझा नाही. हे त्यांना पहिल्याहून जास्त आवडलं.

तेव्हाच ठरवलं की लोकांनी वहीत काहीबाही लिहिण्यापेक्षा आपणच सगळं लिहून काढावं. कुणा बाईच्या उपयोगी पडलं तर पडलं. यात औषधांची नावं नाहीत, ती मला तेव्हाही उच्चारता येत नव्हती.

पोट, पाठ आणि पित्त

आमचं घर बेळगावातल्या वडगावचं, विणकरांचं. तेव्हा दारात चार माग होते, नुकतंच ऐंशी साल ओलांडून गेलेलं, आणि मी पस्तिशीची. शाळेत मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी चौकटीचा कागद पुढं टाकला आणि म्हणाले, "काठ काढ बघू." चौकटीच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक धागा. जो चौकोन भरला तो धागा वर उचलायचा. त्या दिवसापासून घरातल्या साड्यांची नक्षी माझ्याकडं आली. मोर, कुयऱ्या, रुईफुलं. माझ्या मोरांना बेळगाव ते निपाणी ओळख होती, मला नव्हती.

एके दिवशी अंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढं. दुखत नव्हतं, त्यामुळं मी त्याला फारसा मान दिला नाही. पंधरा दिवसांनी मात्र ते तिथंच होतं. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. सासऱ्यांच्या माघारी त्यांनीच कारखाना सांभाळला होता. व्यापाऱ्याशी भांडायला उभ्या राहिल्या तर तो पुढच्या खेपेला भावाला पाठवायचा. पण मानेच्या खाली आणि बेंबीच्या वर आत्यांच्या भाषेत काही नव्हतंच. ऐकून त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली.

"कुणाला बोललीस?"

"न्हाय."

"बोलू बी नगंस. शोभाचं निपाणीत ठरतंय. असला रोग घरात हाय म्हटल्यावर पोरगी कोण करंल?"

शोभा माझी धाकटी नणंद. स्थळ खरोखरच चांगलं होतं, तंबाखूच्या वखारवाल्यांचं. तरी आत्या मला गल्लीतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "पोटात दुखतंय हिच्या." मी त्यांच्याकडं वळले. त्यांनी मला पाठीमागून चिमटा काढला. डॉक्टरांनी पित्ताचं गुलाबी औषध दिलं. पुढच्या खेपेला मी धीर करून म्हटलं, "जरा वरच्या बाजूला..." लगेच आत्या म्हणाल्या, "पाठीत वो, पाठीत." डॉक्टरांनी पाठीला चिकटपट्टी लावली. गाठ पुढं आणि पट्टी मागं, असे आमचे उपचार तीन महिने चालले. पित्त मात्र कायमचं बरं झालं.

आत्यांना नावं ठेवते आहे, पण माझंही तोंड शिवलेलं होतंच. नवऱ्याला सांगायला काय हरकत होती? सांगितलं नाही. लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त. हरभऱ्याचा चिंचोका झाला होता.

एका दुपारी चारही माग खडखडत होते, आणि मी कुयरी काढायला कागद घेऊन बसले होते. कुयरीऐवजी हातानं भलतंच काढायला घेतलं. एक गोल. शेजारी दुसरा गोल. मध्ये टोकं. सवयीप्रमाणं दोन्हीकडचे चौकोन मोजून, तोल सांभाळून. मग डाव्या गोलात वरच्या अंगाला चार चौकोन लाल पेन्सिलीनं भरले. लाज सगळी तोंडाला होती, हाताला नव्हती.

आमचे हे मागून आले. कागद बघून म्हणाले, "ही बुट्टी कशाची गं?"

"माजी," मी म्हटलं.

त्यांना कळायला एवढा वेळ लागला की तेवढ्यात मागावर चार बोटं कापड विणून झालं असतं. मग त्यांनी लाल चौकोनांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी मागाचं बटण बंद केलं, शर्ट बदलला आणि मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून गावातल्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. आत्या दारात काहीतरी ओरडत होत्या, ते आम्ही पोटात घातलं.

कागद उलटा की सुलटा

हे डॉक्टर वयस्क होते. मी एक अक्षर न बोलता कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"वरची बाजू कुठली?"

मी दाखवली. त्यांनी चष्मा काढला.

"हे किती दिवस आहे?"

"तीन महिनं."

"उशीर केलात, बाई," ते म्हणाले. रागावून नाही, पण ते तीन शब्द मला अजून जसेच्या तसे ऐकू येतात. मग जरा वेळानं म्हणाले, "एवढी नेमकी जागा मला आजवर कुणी सांगितली नव्हती. चला, सिस्टर आहेत आत, तपासू."

चार-सहा दिवसांनी डॉक्टरांनी माझा कागद ह्यांच्या हाती परत दिला आणि निकाल सांगितला. काढावं लागेल. ह्यांनी विचारलं, "गाठ?" डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही, सगळंच. डावी बाजू पूर्ण." आमचे हे मागाचा एक धागा तुटला तरी कासावीस होणारे. ते खुर्चीवर तसेच बसून राहिले. मला वाटलं, आता ह्यांनाच खाटेवर घालावं लागतंय.

परत येताना सायकल ढकलतच आणली. घरी आल्यावर सवयीनं आधी कारखान्यात शिरले, खिशातले सगळे कागद काढले आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकले. त्यांचा खिसा त्या खिळ्यावरच रिकामा व्हायचा, गेली वीस वर्षं.

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगते. नक्षीचा कागद मालकांनी बघून पास केला की त्यावर लाल खूण करायची आणि त्या खिळ्याला लावायचा. लाल खूण दिसली की मल्लाप्पा, आमचा जुना कारागीर, कुणाला काही न विचारता तो कागद घ्यायचा, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना त्याप्रमाणं भोकं पाडायचा आणि मागावर चढवायचा. सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त. ती कधी चुकली नाही आणि त्या वेळीही चुकली नाही.

वॉर्डातले दिवस

दवाखान्यात मी पंचवीस दिवस होते. पहाटे पाचला दिवे लावायचे, कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही. साडेपाचला चहा, सहाला टेंपरेचर. बायकांच्या वॉर्डात दहा खाटा होत्या आणि दहाही जणींना "तब्येतीचं" झालं होतं. मराठीत तब्येत, कन्नडात तब्येत, हिंदीत तब्येत. कुणाचंही काय गेलंय ते कुणी सांगायचं नाही, आणि सगळ्याजणी एकमेकींच्या पदराकडं बघून ओळखायच्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी खूप रडले. मरायची भीती होती, आणि खरं सांगते, दुसरीही होती. पुन्हा ह्यांच्यासमोर कसं उभं राहायचं? हरतालिकेला बायका जमतील तेव्हा काय? मरायचं भय आणि बायका काय म्हणतील याचं भय, दोन्ही एकाच मापाची होती. आज हसू येतं. तेव्हा नाही आलं.

नंतर डावा हात वर उचलेना. वेणी घालता येईना. भेटायच्या वेळेत हे आले, माझ्या केसांचा गुंता बघितला आणि फणी घेतली. विणकराची बोटं ती, तुटलेले धागे जोडून जोडून तयार झालेली. त्यांनी तीन पेडांची अशी वेणी घातली की माझ्या भुवया वर चढल्या.

"जरा सैल घाला की वो!"

"सैल घातली तर नक्षी बसत न्हाय," हे म्हणाले.

समोरच्या खाटेवरच्या आजी हसून हसून खोकल्या. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातल्या दोघी-तिघी भेटायच्या वेळेची वाट बघू लागल्या, नातेवाइकांची नव्हे, ह्यांच्या फणीची. आमच्या घरात नवऱ्यानं बायकोच्या केसांना हात लावलेला कुणी बघितला नव्हता. पंचवीस दिवसांतलं माझं सगळ्यात मोठं औषध तेच होतं.

मल्लाप्पाची शिस्त

घरी आले. अंगणात मल्लाप्पा आनंदानं पुढं आला. "वैनी, तुमची नवी नक्षी लई भारी उठल्या. बघा तरी."

मी कारखान्यात गेले. मागावर निळी साडी होती आणि तिच्या पदरावर, एका ओळीत सात जोड्या याप्रमाणं, मी होते. आडव्या ओळी पाच. प्रत्येक जोडीत डावीकडं एक लाल ठिपका. त्यासाठी मल्लाप्पानं मुद्दाम तांबडं सूत आणलं होतं.

मी मागाचा खांब धरला. "मल्लाप्पा, हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला पायजे? खिळ्याला हुता कागद. लाल खूण बी हुती न्हवं?"

हे मागं उभे होते. दवाखाना आणि घर करता करता त्यांचं मागाकडं लक्षच नव्हतं. त्यांनी पदर बघितला, मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. मग आम्हा दोघांना एकदम हसू फुटलं. टाके ओढले जात होते, डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण थांबता येईना. मल्लाप्पा बिचारा म्हणत होता, "बेलफळंच हाईत न्हवं ती? मी तरी बेलफळ म्हणूनच विणली."

"बेलफळंच," मी म्हटलं.

ती साडी बाजूला ठेवायची आणि पुठ्ठे जाळायचे, असं ठरलं. पण ठरवलेलं होतं कुठं? त्याच आठवड्यात निपाणीची मंडळी लग्नाच्या साड्या बघायला आली.

त्या दिवसासाठी आत्यांनी माझी तयारी केली. मला टायफॉईड झाला होता, असं सांगायचं. आणि ब्लाउजच्या डाव्या बाजूला मागाखाली पडलेल्या टाकाऊ सुताचा बोळा करून घालायचा. आत्यांनी तो स्वतः वळला, उजव्याशी ताडून बघितला, थोडं सूत काढलं, पुन्हा घातलं. एवढं सगळं केलं, पण तोंडानं एक शब्द नाही. मी उभ्या उभ्या लाजेनं मरत होते, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, त्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही. नंतर आठवलं.

बोळ्याला स्वतःचं मन होतं. चहा देईपर्यंत तो जागेवर राहिला, पोहे देताना काखेत गेला. मी डावा कोपर अंगाशी घट्ट धरून बसले. नवऱ्या मुलाची आई, तिला सगळे गंगाआक्का म्हणत, ती थोराड, मोकळी बाई. तिनं साड्यांचा ढीग उपसला आणि खालची निळी साडी ओढली.

"अगं बया! ह्यी कसली फळं म्हणायची?"

"जोडबेल," आत्या ताबडतोब म्हणाल्या. त्यांना खरं ठाऊकच नव्हतं. "म्हादेवाचं फळ. लई शुभ."

"आन् ह्यो लाल ठिपका?"

"कुंकू," आत्या म्हणाल्या.

गंगाआक्कानं पदर छातीशी धरून बघितला. "आमच्या सगळ्या बायकांस्नी ह्योच पदर पायजे. अकरा साड्या विणा."

आमचे हे घसा खाकरून म्हणाले की माग बिघडलाय. मल्लाप्पा दारातनं म्हणाला, "न्हाय की वो मालक, झक्कास चाललाय."

ओटी

लग्न शेजारच्या शहापुरात होतं. सकाळी निपाणीची मोटार आली आणि त्यातून अकरा बायका उतरल्या. प्रत्येकीच्या खांद्यावर मी. हिरव्या रंगात, जांभळ्या रंगात, चटणी रंगात. ज्या गोष्टीचं नाव आमच्या घरात दार लावूनही घेता येत नव्हतं, ती कार्यालयभर मिरवत होती, आणि पाहुण्या एकमेकींना विचारत होत्या, "कुठं मिळाला गं ह्यो पदर?" ह्यांनी दिवसभर मान वर केली नाही. लोक म्हणाले, नवरीचा भाऊ किती मर्यादशील!

अक्षतांना दोन तास होते. वराकडच्या विहिणीची ओटी भरायची होती. तो मान खरा आत्यांचा, पण त्या पांढऱ्या कपाळाच्या. अशा वेळी त्या आपण होऊन खांबाआड सरकायच्या. म्हणून मी बसले. पुढं गंगाआक्का, निळा पदर दोन्ही हातांनी पसरून. मी हळदीकुंकू लावलं, तांदळाची ओंजळ घातली, खण घातला आणि नारळ ठेवायला वाकले.

नारळाबरोबर बोळाही गेला.

टप्पकन तांदळात पडला. पांढरा, गोल, मधूनमधून लाल-निळ्या धाग्यांचा. माझ्या ब्लाउजची डावी बाजू रिकामी झाली. खांबाआडून आत्यांनी "देवा!" म्हटलेलं मला ऐकू आलं. माझ्या मनात एकच गोष्ट आली : मोडलं. माझ्यापायी शोभाचं लग्न मोडलं.

गंगाआक्कानं बोळ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. पदराची घडी चटकन मिटली आणि ती उठली. "वैनी, जरा आत या. पदर आवरायचा हाय."

कोठीच्या खोलीत लाडवांच्या पाट्या होत्या. तिनं कडी लावली आणि ओटी एका रिकाम्या पाटीत ओतली. म्हटलं, आता खोटं बोलायची ताकद नाही. मी सगळं सांगून टाकलं. गाठ, पित्ताचं औषध, चिकटपट्टी, कागद, ऑपरेशन, टायफॉईडची थाप. "शोभाला काय बी न्हाय वो आक्का, सगळं माझंच हाय. तिचं लगीन मोडू नगा." आणि बोलता बोलता खिळ्याचं आणि मल्लाप्पाचंही सांगितलं, कारण तिचा पदर माझ्या डोळ्यांपुढंच होता.

तिनं पदराकडं बघितलं. "म्हंजे ह्यी... तुमची?"

"व्हय."

गंगाआक्का तोंडात पदर कोंबून अशी हसली की लाडवाच्या पाट्या हलल्या. "अकरा जणींच्या खांद्यावर!" एवढंच म्हणायची आणि पुन्हा हसायची. मीही हसायला लागले, रडता रडता.

मग ती एकदम थांबली. पदर मांडीवर पसरला आणि लाल ठिपक्यावरनं बोट फिरवू लागली.

"ही गाठ दुखत हुती?"

"न्हाय. दुखत नव्हती, म्हणूनच तर ऱ्हायली."

बाहेर वाजंत्री सुरू झाली होती. ती बोट फिरवतच होती.

"माजी बी दुखत न्हाय," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि पदरावरच्या एका जोडीत, उजव्या फळाच्या खालच्या अंगाला, कुंकवाचा ठिपका ठेवला. इतक्या काळजीनं, की मी कागदावर चौकोनसुद्धा कधी तसा भरला नसेल. "मुलाचं लगीन होऊन जाऊ दे म्हटलं हुतं," ती म्हणाली. "मग बघू."

"आज लगीन होतंय," मी म्हटलं. "मग उद्याच जायचं."

तिनं ओटीतनं बोळा काढून माझ्यापुढं धरला. "घ्या, बाहेर बायका हाईत." मी तो घेतला, बघितला आणि लाडवाच्या पाटीमागं टाकून दिला. नुसता पदर सारखा करून बाहेर आले. अक्षता पडल्या. कुणाचंही लक्ष माझ्याकडं नव्हतं, सगळे नवरीकडं बघत होते. एवढ्यासाठी मी वर्षभर श्वास धरून होते!

त्या रात्री मी आत्यांना आक्काचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातच पूजा आटोपली आणि आत्यांनी स्वतः रिक्षा बोलावली. आम्ही तिघी त्याच वयस्क डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता पोट किंवा पाठ येणार. आत्या म्हणाल्या, "आमच्या विहीनबाईंच्या छातीत गाठ हाय." आणि घाबरून स्वतःच खाली बसल्या.

गंगाआक्कानं पिशवीतनं निळी साडी काढली, पदर टेबलावर पसरला आणि कुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. डॉक्टर वाकले. पदर बघितला, मला बघितलं, पुन्हा पदर बघितला.

"ही नक्षी माझ्या ओळखीची आहे," ते म्हणाले. मग आक्काला आत घेऊन गेले. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. आत्यांनी माझा डावा हात हातात धरला होता आणि तो दुखतोय हे मी त्यांना सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं पडदा बाजूला झाला. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि आक्काला म्हणाले, "गाठ आहे, पण बारीक आहे. लवकर आलात, बाई."